हातानं लिहिल्यासारखा फॉन्ट आला कुठून?

निमंत्रणपत्रिका, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट: मजकुराला हसरा सूर हवा असला की हस्ताक्षरी फॉन्ट सर्रास वापरतात. ही हौस संगणकासोबत आली असं वाटतं, पण ती बरीच जुनी आहे.

व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसनं 1501 मध्ये छापलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं तिरपा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, कोरला. तो त्या काळच्या विद्वानांच्या झरझर लिखाणावर बेतलेला होता. 1557 मध्ये लिऑनला रोबेर ग्रांजाँनं फ्रेंच हस्ताक्षराचं वळण छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत उतरवलं. मुलांना शिष्टाचार शिकवणारी पुस्तकं या टाइपात निघू लागली आणि त्यावरूनच तो 'सिव्हिलिते' म्हणून ओळखला गेला. म्हणजे मुलं आणि हस्ताक्षरी टाइप यांची जोडी तेव्हापासूनची. फक्त त्यात गंमत नव्हती, धडा होता.

खरी अडचण होती शिशाची. खिळा म्हणजे सुटा ठोकळा, आणि हात तर अक्षरात अक्षर गुंफत जातो. म्हणूनच फ्रेंच अक्षररचनाकार रॉजे एक्सकोफोंचा 'मिस्त्राल' हा टाइप (1953) मला या सगळ्यांत थोर वाटतो. त्यातल्या लहान अक्षरांची शेपटी अशी बेतलेली आहे की शेजारी दुसरं अक्षर आलं तरी रेघ तुटत नाही. तरीही अक्षरं शिस्तीत बसल्यासारखी दिसत नाहीत, वरखाली उड्या मारतात.

1994 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेअरला 'बॉब' या प्रणालीतला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमन या गंभीर फॉन्टमध्ये बोलताना दिसला. ते त्याला खटकलं. कॉमिक्सच्या फुग्यांतली अक्षरं समोर ठेवून त्यानं कॉमिक सॅन्स काढला. तो बॉबच्या आधीच ठरलेल्या चौकटींत मावला नाही, पण विंडोज 95 च्या प्लस पॅक या जोड-संचातून घरोघरी पोचला. पुढे त्याची झालेली टिंगल मला अन्यायाची वाटते. फुग्यातल्या एखाद्या वाक्यासाठी काढलेली अक्षरं लोकांनी गंभीर नोटिशींना लावली, यात अक्षरांचा काय दोष? 4 जुलै 2012 ला सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेत हिग्ज बोसॉनसारख्या कणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा तिथल्या ॲटलास या संशोधकगटाच्या स्लाइडही याच फॉन्टमध्ये होत्या.

हस्ताक्षर नकली असल्याची चुगली एक खूण मात्र करायचीच: दोनदा आलेलं अक्षर हुबेहूब सारखं. माणसाच्या हातून तसं होत नाही. ओपनटाइप ही संगणकी फॉन्टची रचना आल्यावर एकाच अक्षराची दोन-तीन रूपं फॉन्टमध्ये ठेवून शेजारचं अक्षर पाहून ती आलटूनपालटून वापरता येऊ लागली. त्यामुळे असा फॉन्ट निवडताना मी आधी इंग्रजीत 'बलून' टाइप करतो आणि त्यातले दोन एल, दोन ओ नीट पाहतो.