राजकीय कलांतील पिढीभेद

तरुण आणि वयस्क मतदार पक्ष, उमेदवार किंवा सार्वजनिक प्रश्न यांबाबत सातत्याने वेगळा कौल देतात, तेव्हा त्या फरकास राजकीय कलांतील पिढीभेद म्हणतात. तरुण डावीकडे आणि वृद्ध उजवीकडे झुकतात हा समज रूढ असला, तरी तो सर्वत्र टिकत नाही. अमेरिकेत १९८४ साली तिशीच्या आतील बहुसंख्य मतदारांनी रिपब्लिकन पक्षाच्या रोनाल्ड रेगन यांना मते दिली. २००८ साली मात्र त्याच वयोगटातील सुमारे दोन-तृतीयांश मते डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामा यांच्याकडे गेली.

हा फरक वाढत्या वयाचा, त्या काळातील घडामोडींचा की विशिष्ट पिढीच्या घडणीचा, हे ठरवणे अवघड असते. घर, संतती आणि मालमत्ता आली की माणूस स्थैर्याला महत्त्व देऊ लागतो, हे वयाधारित स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण एकट्याने अपुरे आहे. जर्मन भाषेत लिहिणारे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मधील निबंधात असे मांडले, की केवळ एकाच काळात जन्मल्याने पिढी घडत नाही. उमेदीच्या वयात अनुभवलेल्या समान घटना तिला घडवतात, आणि त्याच अनुभवातून परस्परविरोधी गटही निर्माण होतात. जर्मनीच्या २०२५ मधील संसदीय निवडणुकीत २५ वर्षांखालील मतदारांत डावा ‘दी लिंके’ पहिल्या आणि अतिउजवा ‘एएफडी’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तरुण स्त्रियांचा ओढा पहिल्याकडे, तर तरुण पुरुषांचा दुसऱ्याकडे अधिक होता. ‘तरुणांचे मत’ असे एकवचनी बोलणे त्यामुळे फसवे ठरते.

मोजणीतही एक मूलभूत अडचण आहे. पाहणीच्या वर्षातून वय वजा केले की जन्मवर्ष मिळते. तिन्ही राशी परस्परांत गुंतलेल्या असल्याने एकाच पाहणीवरून वय आणि पिढी यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत, त्यासाठी अनेक दशकांच्या पाहण्या लागतात. शिवाय वयाआड शिक्षणही दडलेले असते. ब्रिटनच्या २०१६ मधील सार्वमतात तरुणांनी प्रामुख्याने युरोपीय संघात राहण्याच्या, तर वृद्धांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. परंतु तरुणांत पदवीधरांचे प्रमाणही अधिक होते.

अनेक लोकशाही देशांत तरुण तुलनेने कमी मतदान करतात. त्यामुळे त्यांचा कल निकालात पुरेसा उतरत नाही, आणि निवृत्तिवेतनासारख्या प्रश्नांना हात घालताना पक्ष अधिक सावध राहतात. ऑस्ट्रियाने २००७ साली मतदानाचे वय १६ वर आणले.