‘द्व्यर्थी’ म्हणजे नेमके काय: एका शब्दामागचा वाद

श्लेषातही शब्दाला दोन अर्थ असतात, तरी श्लेषाला कोणी द्व्यर्थी म्हणत नाही. हे विशेषण आता केवळ चावट सूचनेपुरते उरले आहे. जुन्या काव्यशास्त्राने मात्र असा वेगळा कप्पा केलेला नव्हता. तेथे अश्लीलता हा काव्यदोष असून त्यात लज्जेबरोबर जुगुप्सा आणि अमंगल सुचवणारे शब्दही मोडतात.

अकराव्या शतकातील एका काश्मिरी काव्यशास्त्रज्ञाचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. ‘कुरु रुचिम्’ हे शब्द उलट क्रमाने, म्हणजे ‘रुचिं कुरु’ असे ठेवले, तर मधली अक्षरे जुळून ‘चिंकु’ असा त्या प्रदेशातील बोलीत असभ्य मानला जाणारा शब्द कानी पडतो. तो अर्थ दोन्ही शब्दांपैकी एकाचाही नाही आणि वाक्याशी त्याचा अन्वयही लागत नाही, तरीही ती रचना सदोष ठरते. शब्द जे सांगत नाहीत तेही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते, हे दाखवण्यासाठीच ते दिले आहे.

तमाशातील गवळणीत मावशीचे बोलणे आणि बतावणीतील सवाल याच जोरावर रंगत आले. १९७०च्या दशकात लोकनाट्यातून आलेल्या एका नटाने तीच बोली पडद्यावर आणली. चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरत गेले आणि ‘घाण अर्थ तुमच्या मनात आहे’ हा युक्तिवाद चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षकांपुढे कायमचा येऊन बसला.

चित्रपट प्रमाणनासाठी केंद्राने १९९१मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत हीन वृत्तींना उघडपणे खतपाणी घालणारे द्व्यर्थी शब्द चालणार नाहीत, असे कलम आहे. सगळा गुंता त्या ‘उघडपणे’मध्ये आहे. अर्थ उघड असेल तर तो शब्द द्व्यर्थी कसला, आणि झाकलेला असेल तर कलम लागू कसे व्हावे? शिवाय कलम शब्दांविषयी बोलते, तर दुसरा अर्थ बहुधा विरामात, भुवईत किंवा शब्द जिथे तोडला त्या जागी असतो. त्यामुळे निर्णय परीक्षकाच्या कानावर सोपवला गेला, आणि एकाच धाटणीचा संवाद कधी सुटला, कधी कापला गेला, यात नवल नाही. सोज्वळ अर्थ ही पळवाट आहे हे निर्मात्यांनाही ठाऊक होते. तरीही कलमाची भाषा ढिली होती, हे मान्य करावे लागते.

नाटकाच्या बाबतीत ही अडचण अधिक ठळक होते, कारण महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षणासाठी, म्हणजे सरकारी तपासणीसाठी, द्यावी लागते आणि कागदावर विराम दिसत नाही. ओटीटीसाठी २०२१च्या नियमांनी पूर्वपरीक्षण न आणता वयोगटानुसार वर्गीकरण सक्तीचे केले. २०२३च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) प्रमाणपत्रातही ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले, मात्र १९९१चे ते ‘उघडपणे’ या दुरुस्तीने उलगडले नाही.