एलव्हीएम कॅश

एलव्हीएम कॅश : एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा एकत्र करून तिचे हवे तसे भाग पाडणारी व्यवस्था; असा एक भाग म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. तो हार्डडिस्कवरच ठेवून त्यातला सतत लागणारा भाग एसएसडीवर आणण्याची सोय. संथ पण ऐसपैस हार्डडिस्क आणि चपळ पण लहान एसएसडी मिळून एकच व्हॉल्यूम दिसतो. फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइलसिस्टीमला या जोडकामाचा पत्ताही लागत नाही. व्हॉल्यूम चालू असतानाच कॅश, म्हणजे एसएसडीवरचा हा जलद साठा, जोडता येते, काढताही येते.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय डोके सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान नोंदी ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचते. साटा जोडणीची साधी एसएसडी हेच काम हजारोंच्या हिशेबात उरकते. सलग मोठी फाइल वाचताना मात्र हार्डडिस्क इतकी मागे पडत नाही, आणि कॅशचा उपयोग कुठे होईल हे यावरूनच ठरते. दादरच्या एखाद्या सीए ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा लिनक्सच्या सांबा शेअरवर (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरात) असेल, तर जुलैअखेर रिटर्न भरण्याच्या घाईत त्याच त्या अशिलांच्या फाइली दिवसभर उघडल्या जातात. तिथे कॅश कामी येते. अंधेरीतल्या एडिटिंग स्टुडिओत तासाभराचे फुटेज एकदाच सलग वाचले जात असेल, तर पैसे वाया.

एलव्हीएम लिनक्सवर १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांनी आणले. कॅशचे खरे काम करणारा डीएम-कॅश हा भाग २०१३ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या ३.९ या आवृत्तीत दाखल झाला. तो व्हॉल्यूमचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडतो, कोणता तुकडा किती वेळा मागितला गेला ते पाहतो आणि मागणी असलेले तुकडे हळूहळू एसएसडीवर चढवतो. ही निवड करणारे एसएमक्यू हे धोरण २०१५ मध्ये आले आणि आता तेच रूढ आहे. चढवण्याचे काम सावकाश चालत असल्याने कॅश जोडल्या जोडल्या घेतलेल्या चाचणीत फरक दिसत नाही, आणि पुष्कळ जण तिथेच नाद सोडतात.

एसएसडी मूळ व्हॉल्यूमच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमने एकत्र केलेल्या डिस्कच्या गटात, असावी लागते. आधी व्हीजीएक्स्टेंड या आज्ञेने ती ग्रुपात घ्यायची, तिच्यावर कॅश पूल (कॅशसाठी राखलेली जागा) तयार करायचा आणि एलव्हीकन्व्हर्ट या आज्ञेने तो मूळ व्हॉल्यूमला जोडायचा. पूलमध्ये डेटाबरोबर मेटाडेटाचाही, म्हणजे कोणता तुकडा कुठे आहे या नोंदींचाही, एक भाग असतो. तो साधारण डेटाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, पण किमान ८ एमबी. तुकडा एरवी ६४ केबीचा. ५०० जीबीच्या कॅशचे असे तुकडे पाऊण कोटीच्या वर जातात. तुकडे दहा लाखांच्या आत ठेवण्याकडे एलव्हीएमचा कल असल्याने मोठ्या कॅशसाठी तुकड्याचा आकार ते स्वतःच वाढवते.

खरी गोम लेखनाच्या पद्धतीत आहे. राइटथ्रू पद्धतीत मजकूर एसएसडी आणि हार्डडिस्क अशा दोन्हीकडे उतरल्यावरच काम झाले असे कळवले जाते. लेखनाचा वेग वाढत नाही, पण एसएसडी मेली तरी डेटा शाबूत. मुळात हीच पद्धत लागू असते आणि बहुतेकांनी तिच्यावरच राहावे. राइटबॅकमध्ये मजकूर एसएसडीवर उतरला की काम झाले. हार्डडिस्कवर तो सवडीने जातो. अशा वेळी एसएसडी गेली तर हार्डडिस्कवर उरतो तो अर्धवट, विस्कटलेला व्हॉल्यूम. म्हणून राइटबॅकसाठी दोन एसएसडी रेड-१ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा, हव्यात. लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) एकुलती एक स्वस्त एसएसडी आणून राइटबॅक लावणे हा जुगार आहे.

वीज गेल्यावर वेगळाच प्रकार होतो. कोणते तुकडे हार्डडिस्कवर उतरायचे राहिले याची पक्की नोंद यंत्र नीट बंद होतानाच लिहिली जाते. ते झटक्यात बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना कॅशमधले सगळेच तुकडे उतरायचे आहेत असे धरले जाते आणि हार्डडिस्क बराच वेळ खडखडत राहते. मुंबईत वीज सहसा जात नाही, त्यामुळे लहान ऑफिसांत यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे कोणाला आठवत नसते; पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोलमडून लोकलसकट अख्खे शहर थांबले होते.

पर्यायही आहेत. कर्नल ३.१० मधला बीकॅश असेच काम करतो, पण त्यासाठी मूळ डिस्क आधी त्याच्या पद्धतीने तयार करावी लागते. भरलेल्या व्हॉल्यूमवर एलव्हीएमच सोयीचे. २०१८ मध्ये कर्नल ४.१८ मध्ये आलेला डीएम-राइटकॅश फक्त लेखन सांभाळतो. कॅश लावण्याआधी रॅम पाहावी, कारण लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरतेच. रोजचा डेटा तिच्यात मावत असेल तर एसएसडीला फारसे काम उरत नाही. आणि सगळाच डेटा एसएसडीवर मावत असेल, तर कॅशच्या भानगडीत न पडता पीव्हीमूव्ह या आज्ञेने तो सरळ हलवावा.

कॅश काढताना एलव्हीकन्व्हर्टचा अनकॅश हा पर्याय वापरतात. उरलेले तुकडे आधी हार्डडिस्कवर उतरतात, मग पूल मोडला जातो. रूट व्हॉल्यूमलाच, म्हणजे खुद्द लिनक्स ज्यावर आहे त्यालाच, कॅश लावायची असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये (यंत्र सुरू होताना आधी रॅममध्ये चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये) डीएम-कॅश आणि कॅशची तपासणी करणारे साधन असावे लागते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर त्यासाठी थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स हे पॅकेज घालतात. ते राहिले तर पुढच्या रीबूटला यंत्र रूट सापडत नाही म्हणून अडून बसते.