गिअर पडताना बसणारा झटका नेमका कशाचा?

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी बघायला गेलेला माणूस पुणे-बेंगळुरू महामार्गावर एक फेरी मारून येतो आणि ‘गिअर पडलेला कळतसुद्धा नाही’ असे समाधानाने सांगतो. कोल्हापुरात अशा गाड्या वाढल्या, तसा झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स बाद आणि बसला नाही म्हणजे उत्तम, हा समजही रुजला. अमेरिकेत मात्र हाच झटका मुद्दाम वाढवण्यासाठी ‘शिफ्ट किट’ नावाचा स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हांचा संच कित्येक दशके विकला जात आहे, आणि त्यामागे निव्वळ हौस नसून पक्के भौतिकशास्त्र आहे.

येथे विषय आहे तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, असलेल्या ऑटोमॅटिकचा. एएमटी नावाची दुसऱ्या जातीची ऑटोमॅटिक ही मूळची मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. तिचा क्लच आणि गिअर यंत्राकडून हलवले जातात, त्यामुळे तिच्या झटक्याचे कारण वेगळे आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत प्लॅनेटरी गिअरचे, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांच्या संचाचे, दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात आणि त्यांतील कोणता भाग फिरू द्यायचा व कोणता धरून ठेवायचा यावर गिअर ठरतो. धरून ठेवण्याचे काम क्लच पॅक करतात. तेलात बुडालेल्या पोलादी आणि अस्तर लावलेल्या प्लेटा आलटून पालटून रचलेल्या असतात व तेलाच्या दाबाने सरकणारा पिस्टन त्यांना आवळतो. हे अस्तर कागदाच्या जातीचे, म्हणजे मुख्यतः तंतूंपासून बनवलेले असते, हे ऐकून फाउंड्रीत उमेदीची वर्षे घालवलेली माणसेही चकित होतात.

पिस्टनवर पूर्ण दाब एकदम आला, तर प्लेटा क्षणात चिकटतील आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना हलतील. म्हणून तेलाच्या वाटेवर अ‍ॅक्युम्युलेटर नावाचा, स्प्रिंगने रेटलेला आणखी एक पिस्टन बसवलेला असतो. उसाला पाणी देताना पाटात मध्येच खोल खड्डा लागला, तर तो भरेपर्यंत पुढच्या सरीला जोर येत नाही. तसेच अ‍ॅक्युम्युलेटर भरत असताना क्लचवरचा दाब हळूहळू चढतो आणि तेवढा वेळ प्लेटा एकमेकींवर घसरत राहतात. आपल्याला जाणवणारा मऊपणा तो हाच.

घसरण्याची किंमत ढोबळ आकड्यांत मांडता येते. गिअर पडताना इंजिनाचा वेग मिनिटाला 4500 फेऱ्यांवरून 3000 वर येतो, इंजिन 200 न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे आणि त्याच्या फिरत्या भागांचे जडत्व 0.2 किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे, असे धरू. प्लेटांच्या वेगातला फरक 1500 फेऱ्यांवरून शून्यावर येतो, म्हणजे सरासरी 750, अर्थात सेकंदाला सुमारे 78.5 रेडियन. घसरण 0.6 सेकंद चालली, तर इंजिनाच्या टॉर्कमुळे प्लेटांत 200 × 78.5 × 0.6, म्हणजे सुमारे 9.4 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. याशिवाय फिरत्या इंजिनाला मंदावण्यासाठी जो जादा टॉर्क लावावा लागतो, त्याचे सुमारे अडीच किलोज्यूल वेगळे. एकूण जवळपास 12 किलोज्यूल झाले. पाव किलो पोलाद 100 अंशांनी तापवायला एवढी उष्णता पुरते.

आता तोच बदल 0.3 सेकंदात उरकला, तर पहिला भाग निम्मा होतो. दुसरा भाग मात्र वेळेवर अवलंबून नसल्यामुळे तसाच राहतो आणि बेरीज 7 किलोज्यूलच्या आसपास येते. वेळ निम्मी झाली तरी उष्णता निम्मी होत नाही, ही यातली खरी मौज आहे. उलट क्लचने पेलायचा टॉर्क साधारण 250 वरून 305 न्यूटन-मीटरवर जातो, आणि ही वाढ म्हणजेच आपल्याला बसणारा झटका. अस्तराचे आयुष्य वाढते, पण त्याचा भार शाफ्ट, ड्रम आणि एक्सलच्या जोडांवर जातो.

शिफ्ट किट नेमके हेच करते. दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची आणि अ‍ॅक्युम्युलेटरची स्प्रिंग ताठ बसवायची आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या भागाच्या, पत्र्यातली तेलाची भोके ठरावीक मापाने मोठी करायची, एवढाच मामला. जनरल मोटर्सच्या 1982 च्या 700आर4 या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरसाठी क्लच पॅकऐवजी ड्रमभोवतीचा पट्टा आवळला जातो, आणि तिथे तो आवळणारा, कॉर्व्हेट गाडीचा मोठा सर्व्हो पिस्टन बसवण्याची जुनी युक्ती आहे. क्षेत्रफळ वाढले की त्याच दाबाला जोर जास्त मिळतो. भोक मात्र थोडेसेही जास्त मोठे झाले तर ते बुजवता येत नाही, पत्राच बदलावा लागतो.

झटका घालवणारी म्हणून तेलात ओतायची एक बाटलीही बाजारात मिळते. तिच्यातल्या रसायनाने झटका कमी होऊ शकतो, पण मूळ दोष दाबाचा किंवा झिजलेल्या प्लेटांचा असेल, तर तो फक्त झाकला जातो आणि घसरण वाढते. त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधलेली बरी. तिने निदान प्लेटा तरी घसरत नाहीत.

आजच्या गाड्यांत स्प्रिंगांचे बरेचसे काम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, आणि संगणक करतात. गिअर पडण्याच्या क्षणी संगणक इंजिनाचा टॉर्कच कमी करतो. वरच्या हिशोबातले 200 खाली आले की वेळ कमी करूनही झटका वाढत नाही. शिवाय तो प्रत्येक बदलाला लागलेला वेळ मोजून दाब सुधारत असतो, त्यामुळे अशा गाडीत नुसती ताठ स्प्रिंग घातली, तर तो ती सुधारणा परत पुसून टाकण्याच्या मागे लागू शकतो.

कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याला येणाऱ्याचा गिअरबॉक्स मात्र मुख्यतः तापतो तो टॉर्क कन्व्हर्टरमधल्या घसरणीने, आणि त्यावर शिफ्ट किटचा उपाय चालत नाही. तिथे खालचा गिअर धरून ठेवणे आणि तेलाचा कूलर स्वच्छ असणे कामाचे. तेल काळवंडून जळका वास येत असेल, तर झटक्याची चर्चा बाजूला ठेवून आधी तेलाची पातळी बघावी. अनेक नव्या गाड्यांत त्यासाठी डिपस्टिकही नसते. इंजिन चालू ठेवून, गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तेल आणून, खालचा बोल्ट काढून ती तपासावी लागते.