केशरोपणानंतरची गळती: रोपलेल्या केसांची आणि मूळच्या केसांची

केशरोपण होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात, खपल्या पडून गेलेल्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी उशीवर, टॉवेलवर, न्हाणीघराच्या जाळीवर केस दिसू लागतात. लाखभर रुपये मोजलेल्या माणसाला धडकी भरावी असेच ते दृश्य असते. परंतु या काळातली गळती दोन प्रकारची असते. एकीत नुकतेच रोपलेले केस गळतात, तर दुसरीत त्यांच्या आसपास आधीपासून असलेले मूळचे केस गळतात. बोलताना दोन्हींना सरसकट ‘शॉक लॉस’ म्हटले जाते. येथे तो शब्द केवळ दुसरीसाठी वापरला आहे. दोन्हींचा काळ जवळपास एकच असला, तरी त्यांची कारणे आणि परिणाम वेगळे आहेत, आणि त्या महिन्यांत चारचौघांत कसे वावरावे याचे उत्तरही वेगळे आहे.

डोक्याच्या मागच्या भागातून काढलेल्या एका ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळांसकट उचललेल्या त्वचेच्या बारीक तुकड्यात, साधारण एक ते चार केस असतात. तो काढल्यापासून नव्या जागी रक्तवाहिन्या जोडल्या जाईपर्यंत त्याला नेहमीचा रक्तपुरवठा नसतो. हा ताण सोसताना त्वचेखालची केसाची पुटिका वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि वरचा केस सोडून देते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास बहुतेक रोपलेले केस असे गळतात. पुटिका मात्र जागेवरच असते. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी वेडेवाकडे केस डोकावू लागतात, सहाव्या महिन्यात लोकांच्या नजरेत भरेल असा फरक पडतो आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागते. भोवऱ्याच्या जागी दीड वर्षही लागू शकते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 साली मांडले होते की, मागच्या भागातील केस नव्या जागी लावले तरी त्यांचा मूळचा टिकाऊ स्वभाव कायम राहतो. आजही केशरोपणाचा सगळा डोलारा या निरीक्षणावर उभा आहे. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ दिसली म्हणून ग्राफ्टच निघून आला असे समजण्याचे कारण नाही. ग्राफ्ट खरोखर निघतो तो पहिल्या काही दिवसांत, आणि तेव्हा सहसा रक्त येते.

शॉक लॉसचे गणित इतके सरळ नाही. रोपणासाठी पाडलेल्या बारीक छिद्रांमुळे, सुजेमुळे आणि रक्तपुरवठ्यात आलेल्या तात्पुरत्या अडथळ्यामुळे शेजारचे मूळचे केसही गळतात. क्वचित मागच्या, ज्या भागातून ग्राफ्ट काढले त्या भागातही चट्टे पडल्यासारखी विरळता येते. गळालेला मूळचा केस निरोगी असेल, तर तो काही महिन्यांत परततो. जो आनुवंशिक टक्कलामुळे आधीच बारीक, दुबळा झालेला होता, तो कदाचित परत येतही नाही. म्हणून हा धोका पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाला कमी आणि केस केवळ विरळ झालेल्यांना अधिक असतो. स्त्रियांना तर विशेष, कारण त्यांच्या बाबतीत बहुधा दाट-विरळ मूळच्या केसांमध्येच रोपण करावे लागते. हा धोका कमी व्हावा म्हणून अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मिनॉक्सिडिल, तर पुरुषांना फिनास्टराइड ही केसगळतीवरची औषधे देतात. मिनॉक्सिडिल नव्याने सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे केस गळतात, त्यामुळे ते कधी सुरू केले याची तारीख लिहून ठेवलेली बरी. नाहीतर या गोंधळात तिसऱ्या गळतीची भर पडते.

आपली गळती कोणती, हे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचा, त्याच उजेडात आणि त्याच कोनातून काढलेला फोटो. रोपलेले केस गळाले तर माणूस फार तर पूर्वी होता तसा दिसतो. आज तो पूर्वीपेक्षाही विरळ दिसत असेल, तर मूळचे केस गेलेले आहेत. गळालेल्या केसाची लांबीही सांगते: रोपलेला केस लावताना आखूड कापलेला असतो, त्यामुळे हातात लांब केस आला तर तो मूळचा.

पहिल्या प्रकारात वावरणे सोपे असते, कारण लपवण्यासारखे थोडेच असते. सगळे डोके एकसारखे झिरो मशीनने बारीक ठेवले, तर रोपलेला आणि न रोपलेला भाग यांतली सीमा पुसट होते. ‘तिरुपतीला जाऊन आलात का?’ हा प्रश्न मात्र येतोच, आणि घरात काही वाईट घडले की काय अशा समजुतीने लोक आवाज खाली आणून चौकशी करतात. त्यापेक्षा जवळच्या दोघा-तिघांना खरे सांगून टाकणे माझ्या मते कमी दगदगीचे आहे. सैल टोपी डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून चालते. हेल्मेट घालताना व काढताना मात्र ग्राफ्ट घासले जातात, म्हणून पुण्यासारख्या दुचाकीच्या शहरात पहिले दोन-तीन आठवडे रिक्षा किंवा बस हाच पर्याय धरावा. हेल्मेटशिवाय गाडी चालवणे हा पर्याय नव्हे.

शॉक लॉसमध्ये, विशेषतः केस लांब असतील तर, डोके बारीक करणे अनेकांना नकोसे असते. तेथे भांग बदलणे, केस थोडे आखूड आणि थरांत कापून घेणे, आणि त्वचा पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून विरळ जागा झाकणारी केराटिनची भुकटी भुरभुरणे एवढे उपाय हातात असतात. त्वचेला चिकटवायचा विग या काळात टाळावा. पू, वाढती वेदना किंवा पसरणारी लाली असेल, तर ती या दोन्हींपैकी कोणतीच गळती नव्हे. लगेच डॉक्टरांकडे जावे.

लग्न ठरल्यावर घाईने केशरोपण करून घेणाऱ्यांनी हे वेळापत्रक आधी पाहावे. लग्नाच्या दोन-तीन महिने आधी शस्त्रक्रिया झाली, तर रोपलेले केस गळून गेलेले, नवे उगवलेले नाहीत आणि शॉक लॉस झालाच तर मूळचेही गेलेले, अशा अवस्थेत नवरदेव फोटोंना उभा राहतो. एक वर्षाचे अंतर मिळत नसेल, तर शस्त्रक्रिया लग्नानंतर करावी.