सर्टिफिकेटला शिट्ट्या का पडतात?

मोठ्या चित्रपटाचा पहिला दिवस, पहिला खेळ. दिवे मंद होतात, जाहिराती आटोपतात आणि पडद्यावर एक सरकारी कागद येतो. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र. आपण सगळे त्याला सेन्सॉर सर्टिफिकेट म्हणतो. चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी, सह्या. त्यात नट नाही, गाणं नाही, संवाद नाही. काही सेकंदच तो कागद दिसतो, आणि तेवढ्यात शिट्ट्या पडतात, टाळ्या पडतात, मागच्या रांगेतून कुणीतरी गळा फाडून ओरडतं.

गेल्या वर्षी भाचीबरोबर असाच एक सकाळी सातचा खेळ पाहिला. ठाण्यातला मॉल, दुकानांची शटर अजून खाली, सरकते जिने नुकतेच चालू केलेले. सर्टिफिकेट आलं तशी ही पोरगी खुर्चीतून उठलीच. मी तिचा कुर्ता धरून खाली ओढलं. "अगं, अजून सुरू कुठे झालाय?"

"मावशी, सुरू होऊन चार महिने झाले!"

ते वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यात राहिलं, कारण मेंदूचा अभ्यास करणारे जवळपास हेच सांगतात.

१९९०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम टिपत होते. या पेशी अधूनमधून विजेचे बारीक ठोके देत असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब सोडला की ठोके एकदम वाढायचे. इथवर काही नवल नाही. मग रसाच्या आधी एक खूण यायला लागली. खूण, थोडा वेळ, रस. पुन्हा खूण, थोडा वेळ, रस. माकडाला हे पाठ झालं आणि पेशींचा उसळणारा ठोका रसावरून निघून खुणेवर जाऊन बसला. रस तोच, तेवढाच गोड. पण तो आला तेव्हा पेशी गप्प. त्यांचा जल्लोष आधीच होऊन गेला होता.

एकदा खूण दिली आणि रस दिलाच नाही. तेव्हा रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके नेहमीपेक्षाही खाली गेले. म्हणजे पेशी आत कुठेतरी वेळ मोजत होत्या. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला: डोपामीनचा हा ठोका अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक सांगतो. अपेक्षेहून चांगलं घडलं तर वर, वाईट घडलं तर खाली, ठरल्याप्रमाणे घडलं तर काहीच नाही.

आता सर्टिफिकेटकडे पुन्हा पाहा. चित्रपट येणारच याची ती शेवटची, पक्की खूण आहे. पण तिच्याही आधी खुणांची एक रांग लागलेली असते. रात्री बारा वाजता उघडणारं बुकिंग, त्याआधी ट्रेलर, त्याआधी टीझर, त्याआधी पोस्टर. हल्ली तर 'पोस्टर उद्या सकाळी ११ वाजता' एवढ्याच मजकुराचं वेगळं पोस्टर निघतं आणि त्यावरही पोरं तुटून पडतात. मला आधी हा शुद्ध बाजारूपणा वाटायचा. पण ठोका मागे मागे, सगळ्यात पहिल्या भरवशाच्या खुणेकडे सरकतो हे कळल्यावर त्या जाहिरातवाल्यांच्या हाती काय लागलंय ते लक्षात आलं. माकडाचे काही सेकंद आणि माणसाचे चार महिने यांत अर्थातच मोठं अंतर आहे. ते आपण आठवणींनी, कल्पनेनं आणि मित्रांशी तासन्‌तास बोलून भरून काढतो. माकडाला हे जमत नाही.

तारीख पुढे जाते तेव्हा काय होतं, तेही मी जवळून पाहिलंय. बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला ते, संकष्टीभोवती बहिणीचं निळं वर्तुळ. त्यात एका शुक्रवारभोवती भाचीनं लाल स्केचपेननं इतक्या वेळा गोल काढला होता की मागच्या पानावर रंग उतरला होता. एका संध्याकाळी फोन हातात घेऊन ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. "पुढे ढकलला." बहीण म्हणाली, "मग काय झालं, महिन्यानं बघ." हिशेबानं तिचं बरोबर होतं, चित्रपट कुठे पळून जाणार नव्हता. पण आतल्या मोजणीला हा हिशेब कळत नाही. तिच्या लेखी खूण दिली गेली होती आणि रस आलेला नव्हता. भाची त्या रात्री जेवली नाही आणि मला त्यात नाटक काही दिसलं नाही.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला हाच फरक थिएटरमध्येही काम करतो. कुणाच्या गावी नसलेला एखादा छोटा मराठी चित्रपट आपण रविवारी दुपारी सहज बघतो आणि भारावून बाहेर येतो. दोन वर्षं गाजावाजा झालेला चित्रपट ठीकठाक असला तरी हिरमोड करतो. दोन्हींना दहापैकी सातच गुण असतील; पण एकाकडे आपण चारची अपेक्षा घेऊन गेलेलो असतो आणि दुसऱ्याकडे दहाची.

मग अपेक्षाच नको, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांचे उंदीर माझ्या मदतीला येतात. उंदराच्या जिभेवर गोड ठेवलं की तो मिटक्या मारतो, ओठ चाटतो. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ पूर्ण नाहीसं केलं. ते उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडे जाईनात, भरवलं नाही तर उपाशी मरतील अशी अवस्था. पण गोडाचा थेंब जिभेवर टाकला की मिटक्या पूर्वीसारख्याच! म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. डोपामीनचा भर हवंसं वाटण्यावर आहे. 'आनंदाचं रसायन' हे त्याला चिकटलेलं नाव म्हणूनच अपुरं आहे.

संगीतात हे माणसांवरही तपासलं गेलंय. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामीन पाहिलं. काटा येतो त्या क्षणी ते एका भागात वाढत होतं. पण संगीतातली ती जागा येण्याच्या काही सेकंद आधी, 'आता येणार' असं वाटत असताना, ते दुसऱ्याच भागात वाढत होतं. समेची वाट पाहणं आणि सम गाठणं यांना मेंदूत वेगवेगळे पत्ते आहेत, असं मी याचं मराठी करीन. आपल्याकडे मैफलीत तिहाई सुरू झाली की माना आधीच डोलायला लागतात ना, ते हेच असावं. तेव्हा चित्रपट फसला म्हणून त्याआधीचे चार महिने खोटे ठरत नाहीत. ते भोगून झालेले असतात.

पण वाट किती असावी? अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर काम करणारे जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं: तुमच्या आवडत्या चित्रपट ताऱ्याकडून एक चुंबन मिळणार असेल, तर त्यासाठी किती पैसे द्याल? आत्ता लगेच, काही तासांनी, तीन दिवसांनी, एक वर्षानं, दहा वर्षांनी? सगळ्यात जास्त किंमत 'तीन दिवसांनी'ला मिळाली. लगेच मिळालं तर आधीची हुरहुर बुडते. दहा वर्षं लांबलं तर ती विझते. विजेच्या झटक्याबद्दल मात्र उत्तर उलटं आलं. तो पुढे कधीतरी बसणार असेल तर टाळण्यासाठी लोक जास्त पैसे द्यायला तयार होते. वाट पाहण्यालाही चव असते, गोड किंवा कडू, आणि माणूस तिची किंमत मोजतो. 'लवकरच येत आहे' या शब्दांपेक्षा पक्की तारीख का सुखावते, तेही मला यात दिसतं. तारखेमुळे उरलेले दिवस मोजता येतात.

चित्रपटाबद्दल आधीच सगळं कळलं तर गंमत जाते का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि संशोधनातही आहेत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथल्या एका अभ्यासात शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटं दिसलं. मी न सांगणाऱ्यांच्या बाजूची आहे. ट्रेलरही एकदाच बघते.

माझी वाट पाहण्याची शाळा वंदना टॉकीज. ठाण्यातल्या नव्या पिढीला वंदना म्हणजे एसटी स्टँड. आम्ही तिथे आगाऊ बुकिंगच्या खिडकीसमोर रांग लावायचो. लोखंडी जाळीला अर्धगोल भोक, त्यातून फक्त हात आत जायचा. तिकीट पतंगाच्या कागदाइतकं पातळ, त्यावर निळ्या पेन्सिलीनं घाईत खरडलेला सीट नंबर. ते बाबांच्या खिशात राहायचं आणि मी रोज एकदा ते बघायला मागायची. रांगेत पुढचे-मागचे अनोळखी लोक तासाभरात ओळखीचे व्हायचे, कुणी शेंगदाण्याची पुडी पुढे करायचं. बऱ्याच वर्षांनी, २०१४ मध्ये, अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि थॉमस गिलोविच या संशोधकांचा वाट पाहण्याबद्दलचा शोधनिबंध आला. रांगांबद्दलच्या वृत्तपत्री बातम्याही त्यांनी तपासल्या होत्या. वस्तू घेण्यासाठी उभ्या असलेल्या लोकांपेक्षा एखादा अनुभव घेण्यासाठी उभे असलेले लोक जास्त खुशीत आणि समंजसपणे वागताना त्यांना आढळले. वाचताना मला ती शेंगदाण्याची पुडी आठवली.

आणि चित्रपट सुरू झाला तरी वाट पाहणं थांबत नाही. महिन्यांचं सेकंदांवर येतं, एवढंच. जर्मनीतल्या माइंत्स शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी एका सिनेमागृहातून बाहेर टाकली जाणारी हवा खेळ चालू असताना सतत तपासली. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. उत्कंठेच्या प्रसंगांना त्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन यांचं प्रमाण टोक गाठत होतं. आयसोप्रीन आपल्या शरीरात तयार होत असतं आणि स्नायू ताणले गेले की श्वासावाटे बाहेर पडतं. तोच चित्रपट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या प्रेक्षकांपुढे लागला, तरी टोकं त्याच प्रसंगांवर यायची. शेकडो माणसं अंधारात एकाच वेळी आखडतात आणि त्याची नोंद हवेत राहते.

त्या सकाळी इंटरव्हलच्या जरा आधी भाचीनं माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर दार हळूहळू उघडत होतं. आजूबाजूची पॉपकॉर्नची कुरकुर थांबली होती. मी श्वास रोखून धरलाय हे मला तो सुटला तेव्हा कळलं. माझा, तिचा, पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांचा, सगळ्यांचा एकदमच सुटला. छताजवळच्या जाळीतून ती हवा वर ओढली गेली असेल आणि गच्चीवरच्या पंख्यातून बाहेर पडली असेल, ठाण्याच्या साडेआठच्या रहदारीवर.