अमेरिकेतल्या कॉलेजात सणाची सवलत: अर्ज कधी, कुणाकडे, कशासोबत

गणपती बसतात त्या दिवशी मिडटर्म, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लॅब, ईदच्या सकाळी प्रेझेंटेशन. अमेरिकेत शिकणारी आपली बरीच मुलं हे मुकाट्याने सोसतात, कारण अशा वेळी सवलत मागता येते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काही राज्यांत तर ती थेट कायद्याने मिळते. आपली मुलं मोठ्या संख्येने जातात अशा दोन राज्यांतली पद्धत इथे देत आहोत: न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन (म्हणजे सिअ‍ॅटलचं राज्य, राजधानी नव्हे).

न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्याचं कलम २२४-अ सांगतं की, धार्मिक श्रद्धेमुळे एखाद्या दिवशी वर्गाला किंवा परीक्षेला येता आलं नाही, तर विद्यार्थ्याला ते काम वेगळ्या एखाद्या दिवशी पूर्ण करण्याची तितकीच संधी द्यावी लागते. त्यासाठी जादा शुल्क घेता येत नाही आणि सवलत घेतली म्हणून विद्यार्थ्याचं नुकसानही करता येत नाही. शुक्रवारी दुपारी ४ नंतर किंवा शनिवारी वर्ग वा परीक्षा असेल, तर शक्य असेल तिथे दुसरा दिवस द्यायचा असतो. मुख्यतः धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था सोडल्या तर खासगी विद्यापीठांनाही हे कलम लागू आहे.

वॉशिंग्टनचा कायदा सरकारी विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजांपुरता आहे. वर्षाला दोन दिवसांपर्यंत श्रद्धेच्या कारणाने गैरहजर राहता येतं आणि त्याचा ग्रेडवर परिणाम होऊ द्यायचा नसतो. २०१९ मध्ये त्यात एक मोलाची भर पडली. सणामुळे गैरहजर राहणारेच नव्हे, तर सणाच्या दिवसांत ज्यांना मोठा त्रास होणार आहे तेही परीक्षेची वेळ बदलून मागू शकतात. रोजे धरलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळची तीन तासांची परीक्षा सकाळी द्यायची असेल, तर त्याने याच तरतुदीचा आधार घ्यावा. सुट्टी मागायची गरज नाही.

पात्रतेसाठी तुम्ही विद्यार्थी असणं पुरेसं आहे. एफ-१ (परदेशी विद्यार्थ्यांचा) व्हिसा असला तरी फरक पडत नाही. सण मोठ्या धर्माचा किंवा ओळखीचा हवा, अशीही अट नाही. जैन विद्यार्थ्याची संवत्सरी, बौद्ध विद्यार्थ्याचा १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली घरातल्या मुलीचा योम किप्पूर, सगळ्यांसाठी अर्ज एकच. फक्त तिथल्या प्राध्यापकाने ज्याचं नाव कधी ऐकलेलं नाही, अशा सणासाठी दोन ओळी स्वतःहून लिहा: दिवस कोणता आणि त्या दिवशी काय करायचं असतं.

खरी मेख मुदतीत आहे. वॉशिंग्टनमध्ये कोर्स सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत, नेमक्या तारखांसह, लेखी कळवावं लागतं. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी रजिस्ट्रारचा ऑनलाइन फॉर्म आहे. तिथला शरद क्वार्टर (तिमाही सत्र) सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो, म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात असली तरी अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जायला हवा. आकाशकंदील लावताना आठवण झाली तर फार उशीर झालेला असतो. न्यूयॉर्कच्या कलमात अशी मुदत नाही, पण विद्यापीठं आणि विभाग आपापली ठरवतात. ती सिलॅबसमध्ये (प्राध्यापक सुरुवातीला देतात त्या कोर्सच्या नियम-वेळापत्रकात) शोधा आणि सापडली नाही तर पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आता तारीख. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला झालं. आई फोनवर तीच तारीख सांगणार आणि मुलगा फॉर्मवर तीच टाकणार. पण अमावस्या भारतीय वेळेनुसार २० तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमाराला लागली आणि २१ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. न्यूयॉर्कचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे होतं. म्हणजे तिथे अमावस्या २०च्या सकाळी सव्वासहाला लागून २१च्या सकाळी साडेआठच्या आत संपली. प्रदोषकाळी अमावस्या हवी, तर तिथली संध्याकाळ एकच उरते, सोमवार २० ऑक्टोबर. २०२४ मध्येही असंच झालं: इथे १ नोव्हेंबर, तिथे ३१ ऑक्टोबर. म्हणून पंचांग त्या गावाचं पाहा, किंवा तिथल्या मंदिराची दिनदर्शिका घ्या. फॉर्मवर एकदा दिलेली तारीख नंतर बदलायला गेलात, तर अर्ज मुदतीबाहेरचा ठरू शकतो. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या ईदसाठी ‘ही तारीख किंवा तिच्या पुढचा दिवस’ असं सुरुवातीलाच लिहा. ज्यू सण आदल्या दिवशी सूर्यास्ताला सुरू होतात, तेव्हा आदल्या संध्याकाळची लॅबही अर्जात धरा.

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. गुरुजींचं किंवा मंदिराचं पत्र सहसा मागत नाहीत, त्यामुळे ते मिळवण्यात आठवडा घालवू नका. हाताशी ठेवायचं ते इतकंच: कोर्सचा क्रमांक आणि सेक्शन, सिलॅबसमधलं परीक्षांचं वेळापत्रक, सणाचं नाव आणि तारीख, आणि तुम्ही सुचवत असलेला पर्यायी दिवस. हा शेवटचा मुद्दा मुलं गाळतात. ‘मला २० तारखेला येता येणार नाही’ एवढंच लिहिलं की उत्तर लांबतं. ‘२० ऐवजी १७ किंवा २२ला परीक्षा देईन’ लिहिलं की प्राध्यापकाला फक्त हो म्हणायचं उरतं. शक्यतो सणाच्या आधीचा दिवस सुचवावा, तो लवकर मान्य होतो.

प्रत्येक कोर्ससाठी वेगळा विचार करा. वर्गात तोंडी होकार मिळाला तरी त्याच दिवशी ईमेलने पक्का करून घ्या. ऑनलाइन क्विझ ठरलेल्या वेळी आपोआप बंद होते. तुम्हाला सवलत मिळाली आहे हे त्या प्रणालीला माहीत नसतं, म्हणून तुमच्यापुरती मुदत वाढवली आहे ना, हे दोन दिवस आधी उघडून पाहा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर सोबत्यांनाही कळवा.

दिवाळीचे पाचही दिवस मागू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या दिवशी खरोखर पूजा आहे तो मागा. भारतात जाऊन दोन आठवडे राहणं या सवलतीत बसत नाही. त्यासाठी प्राध्यापक आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, दोघांशी वेगळं बोलावं लागतं, आणि आय-२० वरची (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची) प्रवासाची सही चालू आहे का तेही पाहावं लागतं.

टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारा विद्यार्थी) म्हणून पगार घेत असाल, तर शिकवण्याच्या त्या तासांना वरचा फॉर्म पुरत नाही. ती नोकरी आहे. तिथे १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा भाग, लागू होतं, म्हणून विभागाकडे किंवा एचआरकडे दुसरा अर्ज करा आणि तास कोण घेणार याची सोय त्यात सुचवा.

नकार आला तर तो लेखी मागा. त्यानंतर विभागप्रमुख, मग डीन, आणि विद्यापीठात ऑम्बड्स (तक्रारींत तटस्थपणे मदत करणारं) कार्यालय असेल तर तेही. न्यूयॉर्कमध्ये कलम २२४-अ मोडलं गेलं, तर विद्यार्थ्याला काउंटीच्या सुप्रीम कोर्टात दाद मागता येते. नावावर जाऊ नका, त्या राज्यात सुप्रीम कोर्ट हे पहिल्या पायरीचं न्यायालय आहे. अर्ज, उत्तरं आणि सिलॅबसची त्या दिवशीची प्रत एका फोल्डरमध्ये असेल, तर बहुतेक वेळा प्रकरण डीनच्या टेबलापुढे जात नाही.